हरणखुरी आणि शेजारची घोडी

आमच्या रानात हरणखुरी आहे. माझ्या सासूच्या वेळेला होती, आज आहे, आणि मी गेल्यावरही राहील. माझं माहेर जामखेडच्या बाजूला. तिथे या वेलीला चांदवेल म्हणतात. लग्न होऊन इकडे काष्टीच्या बाजूला आले तेव्हा हरणखुरी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पान बघितलं की नाव पटतं. पान लहान असतं, पुढे निमुळतं आणि देठाकडे दोन टोकं फुटलेलं. ओल्या मातीत हरणाचा पाय उमटावा तसं दिसतं. फूल रॉकेलच्या नरसाळ्याच्या आकाराचं, पांढरं, कधी फिकट गुलाबी. सकाळी उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं. पुण्याहून आलेले पाहुणे बांधावर उभे राहून त्याचे फोटो काढतात. त्यांना खुरपायचं नसतं.

ज्याला खुरपायचं असतं त्याने फुलाकडे बघू नये, मुळाकडे बघावं. मूळ पांढरं, सुतळीएवढं आणि ठिसूळ. ओढलं की टीचभर हातात येतं, बाकीचं खाली राहतं. पुढचं पाणी दिलं की मोडल्या जागेवरून दोन कोंब वर येतात. आम्ही विहीर खोल केली तेव्हा माणूस उभा राहील एवढ्या खोलीवर काळ्या मातीतून पांढरे दोरे लोंबत होते. मी एक ओढून पाहिला. कट्‌कन मोडला, तेव्हा ओळखला.

गव्हात ती काडीला वेढे घालत वर जाते आणि वाऱ्याचं निमित्त झालं की गहू घेऊन खाली बसते. कांद्यात आणखी वाईट. कांद्याची मुळं वरच्यावर असतात. वेल उपटायला गेलं तर कांदा हलतो, नाही उपटली तर ती कांद्यावर पसरते. एका वर्षी मुलाने भाड्याचा रोटाव्हेटर आणून फिरवला. रान पिठासारखं मऊ झालं. मी आणि तो, दोघंही बांधावर उभे राहून खूश झालो. रोटाव्हेटरने मुळांचे तुकडे तुकडे केले होते, आणि विहिरीजवळच्या कोपऱ्यात होती ती हरणखुरी सगळ्या रानात पेरून दिली होती. त्या वर्षीपासून ती सगळीकडे आहे.

मुलाने एकदा मोबाईलवर तिचा फोटो काढून माहिती काढली. ही मूळची इथली नाही, भूमध्य समुद्राच्या आसपासची, असं त्याने वाचून दाखवलं. गव्हाच्या बियाण्याबरोबर देशोदेशी गेली म्हणे. तिकडच्या माळावर तिची एक बहीणही असते, गडद गुलाबी फुलांची, कातरीने कापल्यासारख्या पानांची. ती लोक हौसेने कुंडीत लावतात आणि मग ती त्यांना आवरत नाही. मी म्हटलं, त्या लोकांना आमच्याकडे पाठव. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. भूगोलात आम्हाला जिल्हा होता, त्यातल्या नद्या आणि तालुके. समुद्र आला नव्हता. मुलाने त्या दिवशी वरचा अर्धा भाग वाचला, खालचा वाचायचा राहिला, कारण मोटारीची लाईट आली आणि तो पाणी धरायला गेला.

आता शेजारणीबद्दल सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जोडपं राहतं. नवऱ्याचा बाप दौंड स्टेशनवर टांगा चालवायचा. टांगे बंद पडले, पण घोड्याची सवय घरातून गेली नाही. नवरा लग्नाच्या वरातीला घोडी देतो. घोडी पांढरी आहे, नाकाजवळ गुलाबी. नवरदेवाला पाठीवर घेणं हे तिचं साधं काम. तिचं खरं नाव झालं ते बाजेवरच्या नाचामुळे. हलगी वाजायला लागली की चार माणसं एक बाज धरून ठेवतात, घोडी पुढचे दोन पाय तिच्यावर ठेवते आणि पाय आपटत मान नाचवते. श्रीगोंद्यापासून बारामतीपर्यंत तिला सुपाऱ्या येतात. मला स्वतःला घोडी आवडत नाही. दूध देत नाही, नांगर ओढत नाही आणि खायला बैलाएवढं लागतं. शेजारणीला मी हे तोंडावर सांगितलेलं आहे. ती म्हणाली, "आक्का, तुमीबी आता दूध देत न्हाई आन नांगर वढत न्हाई." या बाईशी माझं जमतं ते अशासाठी.

घोडी तिने शिंगरू असल्यापासून वाढवलेली. आई मेली तेव्हा शिंगराला तिने बाटलीने गाईचं दूध पाजलं. नवरा घोडी नाचवतो, पण घोडी ऐकते बायकोचं.

एका लगीनसराईत घोडीच्या पुढच्या उजव्या खुराला चीर गेली. वरून खालपर्यंत, वाळलेल्या लाकडाला जाते तशी. नालबंदाने नाल बदलून पाहिले, एरंडेल लावायला सांगितलं. दिवाळी झाली तरी चीर होतीच. घोडी चालायची नीट, पण बाजेवर पाय आपटला की मान झटकायची. नवऱ्याने बायकोला स्पष्ट सांगितलं की गुढीपाडव्यापर्यंत चीर भरून खूर धरला तर ठीक, नाही तर घोडी बाजारात काढायची आणि तिच्या जागी दुसरी आणायची. त्याचंही चूक म्हणता येणार नाही. दुखऱ्या पायाच्या घोडीला कोण वरातीत घेईल? बायको त्याच्यासमोर काही बोलली नाही. माझ्या ओट्यावर येऊन बोलली. ही गेली तर दुसरीला मी पाणीसुद्धा दाखवणार नाही, असं म्हणाली.

आमच्याकडे रीत अशी आहे की खुरपायला आलेल्या बाया संध्याकाळी जाताना उपटलेल्या गवताचा भारा बांधून घरी नेतात. कोणाची शेळी असते, कोणाची गाय. रानाच्या मालकाने त्याला नाही म्हणायचं नसतं. रान साफ होतं, जनावराचं पोट भरतं. पौष सरता सरता माझ्या कांद्याची खुरपणी निघाली तेव्हा शेजारीणही आली. पण ती बाकीच्या बायांसारखी ओळ धरून बसली नाही. तिने विचारलं, "आक्का, हरणखुरी तेवढी मी काढू का? खुरपायचा रोज नका देऊ, येल मला द्या."

फुकट हरणखुरी काढणारं माणूस मला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. मग कारण विचारलं.

ती म्हणाली, "नावातच खूर हाय की तिच्या. घोडीला चारते. खूर धरंल."

मी म्हटलं, "नावात हरिनबी हाय. उद्या उड्या मारत कुकडीच्या कालव्यात गेली तर मला सांगू नको."

ती हसली आणि कामाला लागली. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या शेळ्या हरणखुरी पिढ्यान्‌पिढ्या खात आल्या आहेत, मेंढरं खातात, काही होत नाही. शेळी खाते ते घोडीने खाल्लं तर काय बिघडतं, असा साधा हिशेब. औषधाबाबत आमच्याकडे नावावर पुष्कळ भिस्त असते. दातांसाठी दातपाडी, हाडांसाठी हाडजोडी. त्यातलं काही लागू पडतं, काही पडत नाही, नाव मात्र सगळ्यांचं लक्षात राहतं.

ती रोज सकाळी यायची. दव असताना वेल चिवट असते, तुटत नाही, सबंध निघते, हे तिने आपलं आपण शोधून काढलं होतं. खुरप्याने मुळापाशी सैल करायची, बोटाला गुंडाळायची आणि हळू ओढायची. इतर गवत बाजूला टाकायची, हरणखुरी वेगळी. जाताना पालवात बांधून न्यायची. माझे वाफे असे स्वच्छ झाले की पलीकडच्या रानातली माणसं बघायला आली. मुलगा म्हणाला, हिला रोज दिला पाहिजे. मी द्यायला गेले, तिने घेतला नाही. म्हणाली, तुमची वेल माझ्या कामाची आहे, रोज कशाचा? तिच्या नवऱ्याला एवढंच माहीत होतं की बायको रानातून गवत आणते. वेगळी काढून फक्त हरणखुरी आणते, आणि पाटीभर ती सगळी घोडीपुढे टाकते, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. खूर धरल्यावर सांगणार होती.

घोडीनेही खाल्ली. आवडीने खाल्ली. पुढे पुढे तर कडबा सोडून तिचीच वाट बघायची, असं शेजारीण कौतुकाने सांगायची. माघात तिने सांगितलं की घोडीची लीद पातळ झाली आहे. मी विचारलं, मग? ती म्हणाली, पोट साफ होतंय, आतली उष्णता जातेय. उष्णता गेली की खुराची चीर भरते. एवढी साखळी तिने जुळवली होती. मी माझ्या कांद्यात होते, जास्त विचारलं नाही. घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या हे मात्र मी गल्लीतून जाताना पाहिलं, आणि तिला म्हटलंही. ती म्हणाली, कामाशिवाय उभी आहे म्हणून उतरली आहे, हलगी ऐकली की भरेल. माणसाला जे हवं असतं त्याच्या बाजूने सगळी कारणं सापडतात.

फाल्गुनात, होळी व्हायच्या आधी, एका दुपारी तिचा नवरा आमच्या दारात आला. मी ज्वारी निवडत होते. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. घामाने भिजला होता. म्हणाला, "आक्का, रानात औषध मारलंय का? खरं सांगा."

औषध म्हणजे तणनाशक. मी विचारलं, झालं काय? तो म्हणाला, घोडी सकाळपासून लोळतेय, जमीन उकरतेय, कुशीला दात लावतेय, आणि लीद टाकत नाही. तुमच्या रानातल्या गवताने झालं आहे, दुसरं काही घातलेलं नाही.

मला राग आला, पण त्याच्या तोंडाकडे बघून मी आवाज चढवला नाही. मी म्हटलं, "हरणखुरी मरंल आसं औषध कांद्यात मारलं आसतं तर माझा कांदा उभा ऱ्हायला आसता का? जा, जाऊन बघ. हिरवागार हाय."

त्याला ते पटलं असावं, कारण तो कांदा बघायला गेला नाही, माघारी वळला. मी सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या मागे गेले. मला घोडीची काळजी होती असं म्हणणार नाही. माझ्या रानाचं नाव निघालं होतं, ते मला निस्तरायचं होतं.

घोडी अंगणात खाली पडली होती. पांढऱ्या अंगाला माती लागली होती आणि घामाने तिचा चिखल झाला होता. उठायची, मागे वळून पोटाकडे बघायची, पुन्हा गुडघे टेकायची. शेजारीण तिच्या तोंडाशी दोर धरून उभी होती. पदर कमरेला खोचलेला, चेहरा राखेसारखा. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली. त्यावरून मला समजलं की नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही.

जनावरांचा डॉक्टर आला. तरुण होता, बोलायला मऊ, हात मात्र घट्ट. त्याने घोडीच्या पोटाला नळी लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं, हिरडी दाबून पाहिली, तापमान घेतलं. मग नवऱ्याला विचारलं, काय काय खायला घालता? नवऱ्याने सांगितलं, कडबा, लसूणघास, हरभऱ्याचा भुसा, थोडं रानातलं गवत. डॉक्टरने विचारलं, गवत कोणतं? नवरा म्हणाला, असंच, खुरपणीचं. डॉक्टर बायकोकडे वळला. ती घोडीची आयाळ सारखी करत राहिली.

मी तिथे शेजारी म्हणून उभी होते, पण गप्प उभं राहण्यात काही अर्थ नव्हता. मी तिला म्हटलं, "तू सांगती का मी सांगू?"

ती घोडीकडे बघूनच म्हणाली, "हरणखुरी घालत हुते."

"किती?" डॉक्टरने विचारलं.

"पाटीभर. रोज."

"कधीपासून?"

"कांद्याची खुरपणी निघाल्यापासनं."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हात उचलतो की काय. त्याने उचलला नाही. फक्त विचारलं, "कुणी सांगितलं हुतं तुला?"

ती म्हणाली, "कुणी न्हाई. नाव हाय ना तिचं."

अंगणात आणखी चार बाया जमल्या होत्या, त्यातली एक तोंडावर पदर घेऊन हसली. डॉक्टर हसला नाही. तो परभणीकडचा होता आणि त्याला हरणखुरी हे नाव माहीत नव्हतं. मी पाटीत उरलेली वेल त्याच्यासमोर धरली. त्याने पान उलटसुलट केलं, फूल पाहिलं, आणि म्हणाला की ही तर चांदवेल. मग त्याने कोणा मोठ्या डॉक्टरला फोन लावला आणि बोलत बोलत अंगणात फेऱ्या मारल्या. फोन ठेवून त्याने जे सांगितलं ते सगळ्यांना समजेल असं सांगितलं. या वेलीत, मुळात जास्त, जुलाबाचा गुण आहे. शेळी-मेंढीला थोडीबहुत चालते, तिचं पोट वेगळं. घोड्याचं पोट वेगळं. घोड्याला ती बरेच दिवस, भरपूर खायला मिळाली तर आतडी बिघडतात, पोट दुखतं, अंग झडतं. नवऱ्याने विचारलं, म्हणजे हिच्यामुळेच झालं? डॉक्टर म्हणाला, हिच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, घोड्याच्या पोटाला दुखायला हजार कारणं असतात. पण आजपासून एक पानसुद्धा घालायचं नाही.

त्याने दुखण्याचं इंजेक्शन दिलं. मग घोडीच्या नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. नळी जाताना घोडीने मान आपटली तेव्हा नवरा आणि आणखी दोघं तिला धरू शकले नाहीत. बायकोने कान धरून तिच्या कानात काहीतरी म्हटलं, तेव्हा ती उभी राहिली. काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टरने जाताना सांगितलं की तिला लोळू देऊ नका, हळूहळू चालवत राहा, आणि लीद टाकली की मला फोन करा. लीद पडली तर बरीचशी सुटली असं समजा. नाही पडली तर मी संध्याकाळी परत येतो, मग बघू. मग बघू म्हणताना त्याने कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

मग दुपारभर त्या दोघांनी घोडीला गल्लीतून चालवलं. एकदा हा, एकदा ती. एकमेकांशी बोलत नव्हते. दोर हातात देताना सुद्धा नाही. गल्लीच्या या टोकापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि परत. घोडी मान खाली घालून चालायची, मधेच थांबून पाय दुमडायला बघायची, की दोर ओढायचा. उन्हं उतरायला लागली. पारावर बसलेले म्हातारे काय काय उपाय सांगत होते. एकाने हिंग सांगितला, एकाने सांगितलं की दृष्ट लागली आहे, एवढी पांढरी घोडी उघड्यावर बांधायचीच नसते. नवरा दोर ओढत पुढे जात राहिला.

मी ओट्यावर बसून ज्वारी पुरी केली. एका फेरीला शेजारीण माझ्यासमोर थांबली. मी तिला पाणी दिलं. ती उभ्यानेच प्यायली आणि म्हणाली, "आक्का, मेली तर मीच मारली म्हनायचं."

मी म्हटलं, "मेली तर म्हन. आजून चालतीय."

खोटा धीर द्यायची मला सवय नाही. ती तांब्या परत देऊन पुढे गेली.

दिवेलागणीच्या जरा आधी, घोडी आमच्या दाराच्या पुढे विजेच्या खांबापाशी थांबली. शेपूट वर केलं. नवरा मागे होता, बायको दोर धरून पुढे. आधी वारा सरला, मोठ्याने. पारावरचा एक म्हातारा बोलता बोलता थांबला. मग लीद पडली. थोडीच होती, काळपट, वर तेल चकाकत होतं. पण पडली. नवरा खाली बसला आणि काडीने ती उकलून बघायला लागला. बायको दोर धरून तशीच उभी होती. तो वर बघून म्हणाला, "टाकली." एवढाच शब्द. दुपारपासून तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता. तिने मान हलवली. मग तो डॉक्टरला फोन लावत घराकडे पळाला, आणि ती घोडीला घेऊन मागून हळूहळू गेली. लीद आमच्या दारातच राहिली. ती मी उचलली आणि उकिरड्यावर टाकली.

घोडी वाचली, पण सुधारायला तिने फार वेळ घेतला. डॉक्टरने ओला चारा बंद करून चांगला कडबा सांगितला होता. तो सुद्धा ती चघळत उभी राहायची. पाडवा आला तेव्हा तिच्या कमरेची हाडं वर आली होती. नवरा तिला बाजारात न्यायचं बोललाच नाही. न्यायचं म्हटलं तरी तसली घोडी कोण घेणार होतं? घेतली असती ती खाटकाने. लगीनसराईत त्याने दौंडकडची एक घोडी ठरवून आणली आणि सुपाऱ्या पार पाडल्या. ती घोडी बाजेवर पाय ठेवत नव्हती. लोक कुरकुरले, पण नवरदेव वाहिले गेले. पांढरी घोडी वर्षभर अंगणात उभी राहिली.

मुलाने त्या काळात मोबाईलवरचा राहिलेला खालचा भाग वाचला. तिकडच्या देशांत जुन्या काळी या जातीच्या वेलींचं मूळ जुलाबाला देत, अंदाज चुकला तर माणूस आडवा व्हायचा, आणि हल्ली कोणी आपल्या मनाने घेऊ नये, असं लिहिलं होतं. घोड्याचंही होतं, एका ओळीत. त्याने मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, आई, तेव्हाच खालपर्यंत वाचलं असतं तर. मी म्हटलं, तेव्हा तुला पाणी धरायचं होतं. गल्लीत काही बाया अजून म्हणतात की म्हातारीने फुकट खुरपून घेतलं आणि घोडी मरायला टाकली. म्हणू देत. मी कोणाला बोलावलं नव्हतं, आणि मला माहीत असतं तर मी वेल बांधावर जाळली असती. त्यात रडण्यासारखं मला काही दिसत नाही. शेळी असलेल्या बाईला मी आजही हरणखुरी नेऊ देते. घोडा, गाढव असेल त्याला नेऊ देत नाही. बाळंतिणीला, पोरांना कोणी कसला पाला ठेचून पाजत असेल तर आता मी आधी पान बघते.

माझ्या रानात ती परत आलीच. शेजारीण काढायची तेव्हा वरचं सगळं निघायचं, खालचं होतंच. पुढच्या रब्बीत मी गहू केला आणि हरणखुरीने तो पश्चिमेच्या बाजूला झोपवला. मी खुरपं घेऊन बसते आणि जमेल तेवढी काढते. आता माझ्याबरोबर ती काढायला कोणी येत नाही.

तो गहू पेरला त्याच दिवाळीनंतर नालबंद आला होता. शेजारणीने मला हाक मारून बोलावलं. घोडीचा उजवा पाय त्याने मांडीवर घेतला होता. नवा खूर वरून वाढत खाली आला होता, आणि चीर त्याच्यापुढे सरकत सरकत अगदी टोकाला, बोटाच्या पेराएवढी उरली होती. नालबंदाने पटाशीने तेवढा तुकडा कापून टाकला. खूर सबंध झाला. घोडीचं अंगही भरलं होतं. नवरा बाजूला उभा राहून लगीनसराईच्या तारखा बोलत होता.

शेजारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघा आक्का. हरणखुरीनं खूर धरला का न्हाई?"

मी म्हटलं, "येडी का खुळी तू? वरीसभर काम केलं न्हाई, पायाला इस्वाटा मिळाला, म्हनून धरला."

ती म्हणाली, "व्हय. पन इस्वाटा कशानं मिळाला?"

नवऱ्याने ते ऐकलं. नालबंदाच्या हातातून पाय घेऊन त्याने खाली ठेवला आणि घोडीच्या पाठीवर थाप मारली. घोडी चारही पायांवर नीट उभी राहिली. मी चहा घेतला आणि घरी आले.